ग्रामसभेचे जंगल आणि कार्बनचा हिशेब

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्कात (वनहक्क कायद्याने गावाला एकत्रितपणे मिळणाऱ्या हक्कात) सुमारे ६०० हेक्टर जंगल मिळाले आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू असे हे मिश्र जंगल असून काही भागांत बांबू आहे. गावालगतचा पट्टा मात्र विरळ झाला आहे. हवामान बदल रोखण्यास हातभार लागेल अशा रीतीने या जंगलाचे व्यवस्थापन कसे करावे? सागाची पाच हजार रोपे मोफत मिळत आहेत, ती कोठे लावावीत? शिवाय एका कंपनीचे प्रतिनिधी चाळीस वर्षांचा कार्बन क्रेडिटचा, म्हणजे जंगलाने शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडचे श्रेय टनावारी विकण्याचा, करार करण्याचा आग्रह धरत आहेत. तो करावा काय?

उत्तर : आपले तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. आज आपल्या जंगलात जी झाडे, जी मुळे आणि जी माती आहे, ती वणव्यापासून वाचवणे हेच हवामानाच्या दृष्टीने आपल्या हातातील सर्वांत मोठे काम आहे. त्याखालोखाल चराईची शिस्त, मोठी झाडे राखणे आणि बांबू नियमाने काढणे यांचा क्रम लागतो. लागवड सर्वांत शेवटी येते, आणि तीही मोजक्या जागी. करार आज ज्या स्वरूपात आपल्यासमोर ठेवला आहे त्या स्वरूपात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वन विभागाच्या कार्य आयोजनेसाठी (जंगलाच्या कामांच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यासाठी) होणाऱ्या मोजण्या आणि पुढे ग्रामसभांचे व्यवस्थापन आराखडे, अशा दोन्ही बाजूंनी मी पूर्व विदर्भातील ही जंगले पाहिली आहेत. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे आणि ते पानझडी जंगलापुरतेच खरे मानावे. कोकणातील खासगी रानाला किंवा खारफुटीला ते जसेच्या तसे लागू होणार नाही.

प्रथम झाडाचा हिशेब पाहू. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि एक टन कार्बन म्हणजे हवेतील सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, ज्याचा घेर ४५ सेंटिमीटर आहे असे सागाचे झाड घ्या. त्याचे जमिनीवरचे वाळलेले वजन साठ-सत्तर किलो भरते. घेर ९० सेंटिमीटर झाला की तेच वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाते, आणि १८० सेंटिमीटर घेराचे उंच झाड दोन टनांच्या आसपास असते. घेर दुप्पट झाला की साठा पाचपटीहून अधिक वाढतो, हे येथे ध्यानात घ्यावे. मुळे धरून त्या मोठ्या झाडाने साडेचार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरून ठेवलेला असतो. हे ठोकळ अंदाज आहेत. जात, उंची आणि जमीन यांनुसार ते बदलतात. तरीही त्यांवरून एक गोष्ट कळते : एक म्हातारा ऐन किंवा बिजा तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपे लावली तर हिशेब अनेक दशके तोट्यातच राहतो, कारण रोपाचे वजन पहिल्या वर्षी ग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि ती दहाही जगतील याची खात्री कोणी देत नाही.

या हिशेबात जो भाग डोळ्यांना दिसत नाही तो मातीचा. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार आपल्या देशाच्या जंगलांतील एकूण कार्बनपैकी अर्ध्याहून अधिक साठा मातीतील सेंद्रिय द्रव्यात आहे. हा साठा पालापाचोळा, बारीक मुळे आणि बुरशी यांच्या आधाराने शेकडो वर्षांत बनतो, आणि माती उघडी पडली, उलथली किंवा वाहून गेली की काही पावसाळ्यांत हातचा जातो. म्हणून ज्या जंगलात मुळे जिवंत आहेत तेथे जेसीबी लावून सलग समतल चर (उतारावर पाणी अडवण्यासाठी एकाच पातळीत आखलेले चर) खणण्याचा उत्साह मला पटत नाही. उजाड टेकडीवर ते चर उपयोगी पडतात; मात्र जेथे दर दोन पावलांवर ऐनाचे आणि धावड्याचे खुंट आहेत तेथे चर खणताना आपण नेमकी तीच मुळे तोडतो, ज्यांच्यावर पुढचे जंगल उभे राहायचे आहे. अशा ठिकाणी ओघळींत दगडी बांध घालावेत आणि बाकी जमिनीला हात लावू नये.

आता वणव्याकडे येतो, कारण खरे काम तेथेच आहे. आपल्याकडील आग बहुतेक वेळा जमिनीवरून सरपटत जाते. शेंडे पेटत नाहीत, आणि त्यामुळे ती निरुपद्रवी असल्याचा समज पसरतो. पाचोळा जळाल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड हा त्यातील लहान भाग आहे, कारण तो पाचोळा कुजूनही त्यातील पुष्कळसा कार्बन हवेत गेलाच असता. मोठे नुकसान दुसरीकडे होते. वर्षभराची सगळी नवी रोपे जळतात. मोठ्या झाडांच्या बुंध्याला एका बाजूने भाजल्याची जखम होते, पुढच्या वर्षीची आग त्याच जखमेतून आत शिरते, आणि काही वर्षांत ते झाड आतून पोकळ होऊन वादळात पडते. एप्रिलमध्ये जमीन उघडी पडते आणि जूनचा पहिला पाऊस वरची काळी माती नाल्यात नेऊन टाकतो. शिवाय अर्धवट ज्वलनातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतात ते वेगळेच.

या आगीचा परिणाम पाहायचा असेल तर आपल्याच जंगलातील एखाद्या विरळ कक्षात (वन विभागाने क्रमांक दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात) जाऊन गुडघ्याएवढ्या ऐनाच्या किंवा तेंदूच्या रोपट्याभोवतीची माती हलक्या हाताने खुरप्याने बाजूला करावी. वरचा भाग करंगळीएवढा आणि कालपरवा फुटल्यासारखा दिसतो. खाली मात्र मनगटाएवढे, गाठाळलेले, जुन्या जळक्या खोडांच्या खुणा अंगावर असलेले मूळ सापडते. ते रोपटे नवीन नसते. दर उन्हाळ्यात त्याचा वरचा भाग जळतो, दर पावसाळ्यात मुळातून नवा फुटवा येतो, आणि असे दहा-वीस वर्षे चालू राहते. अशा मुळांपाशी अन्नाचा भरपूर साठा असतो. सलग चार-पाच वर्षे आग आणि कुऱ्हाड टाळली तर हा फुटवा डोक्यावर जातो, त्याची साल जाड होते आणि किरकोळ आगीला तो पुरून उरतो. रोपवाटिकेतील कोणत्याही रोपाला हा वेग गाठता येत नाही. विरळ दिसणाऱ्या जंगलात हेक्टरी अशी शेकडो मुळे असू शकतात. ती आधी मोजावीत, आणि मगच लागवडीचा विचार करावा.

आग लागते कोठून, याचे उत्तर गावात सर्वांना ठाऊक असते, परंतु ग्रामसभेत ते मोकळेपणाने बोलले जात नाही. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. पहाटे अंधारात जनावराची भीती असते, विशेषतः आता वाघाचा वावर वाढल्यावर, म्हणून खालची जागा स्वच्छ दिसलेली प्रत्येकाला हवी असते. तेंदूला कोवळा पाला चांगला फुटावा म्हणून हंगामापूर्वी झुडपांना आग लावली जाते, आणि ती लावण्यात ठेकेदाराच्या माणसांचा हात असतो असे अनेक गावांत ऐकायला मिळते. रानातून जाताना टाकलेली विडी आणि शेताच्या बांधावरचा पालापाचोळा जाळताना हाताबाहेर गेलेली आग ही उरलेली कारणे. या प्रत्येक कारणाला पर्याय आहे. मोहाखालचा पाचोळा झाडून ढीग लावता येतो किंवा झाडाखाली जाळी बांधता येते. जाळीवर पडलेले फूल स्वच्छ राहते, त्यामुळे त्याला भावही बरा मिळतो. तेंदूची झुडपे फेब्रुवारीच्या सुमारास जमिनीलगत छाटली तर आगीशिवायही तसाच पाला येतो. या छाटणीची मजुरी तेंदूच्या लिलावाच्या अटींतच ग्रामसभेने लिहून घ्यावी, आणि ज्या हंगामात आग लागेल त्या हंगामात ठेकेदाराच्या अनामत रकमेतून कपात होईल, अशीही अट घालावी. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे गाव आहे. त्याला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्या ग्रामसभेने तेंदू तोडणीमुळे होणारी झाडांची छाटणी व वणवे लक्षात घेऊन तेंदूपत्ता गोळा करणेच बंद केले. बांबूचे उत्पन्न हाताशी असल्यामुळे त्यांना ते परवडले. प्रत्येक गावाने तसेच करावे असे मी म्हणणार नाही, कारण मे महिन्यातील तेंदूची मजुरी हा अनेक घरांचा वर्षभराचा रोख आधार असतो; पण हा निर्णय शक्य आहे आणि तो एका गावाने घेतलेला आहे, एवढे माहीत असावे.

वन विभागाच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो. जाळरेषांचे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचे, काम त्याआधी संपले पाहिजे : रेषेवरचे गवत आणि झुडपे डिसेंबर-जानेवारीत कापून, वाळवून, सकाळच्या दवात माणसे हजर ठेवून जाळावीत. तथापि जाळरेषा एकदा केली की काम संपले, असे मानणारी गावे मार्चमध्ये फसतात. सागाची पाने त्यानंतरही गळत राहतात आणि पंधरा दिवसांत रेषा पुन्हा पाचोळ्याने भरते. म्हणून मार्च आणि एप्रिलमध्ये ती पुन्हा झाडावी लागते. पाठीवरचा ब्लोअर असेल तर दोन माणसांचे काम होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगींची सूचना मोबाइलवर मोफत पाठवते आणि त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येते. ग्रामसभेतील दोन-तीन तरुणांचे नंबर त्यात असू द्यावेत. उपग्रहाला लहान आग उशिरा दिसते, त्यामुळे गस्तीला हा पर्याय होत नाही; उन्हाळ्यातील दुपारी टेकडीवर बसवलेला माणूस अजूनही सर्वांत भरवशाचा आहे, फक्त त्याला एकट्याने पाठवू नये.

चराईबद्दल थोडक्यात सांगतो. संपूर्ण जंगलात बंदीचा ठराव करणे सोपे असते आणि तो कोणी पाळत नाही. त्याऐवजी जंगलाचे पाच भाग करून एकेक भाग पाच वर्षांसाठी बंद ठेवावा, आणि शेळ्यांना त्या भागात सक्त मनाई असावी. रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपे माजली असतील तर ती वरवर छाटून उपयोग होत नाही; मुळाचा वरचा भाग जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडून झुडूप उलटे टाकावे लागते, आणि मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसाळ्यात स्थानिक गवताचे बी टाकावे लागते. तसे केले नाही तर दोन वर्षांत पूर्वीपेक्षा दाट रायमुनिया उभा राहतो, आणि उन्हाळ्यात त्याच्यामुळे जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढते.

जंगल राखणे म्हणजे त्यातून काहीच न काढणे, असा अर्थ मात्र घेऊ नये. बांबूचेच पाहा. आपल्या भागातील मानवेल बांबू एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, आणि काही वर्षांनी ती काठी वाळून मरते. रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, जुन्या काठ्या काढल्याच नाहीत तर रांजी आतून गुदमरते, नवे कोंब वाकडे येतात आणि वाळलेल्या काठ्या आगीला खाद्य होतात. म्हणून तीन वर्षांहून अधिक वयाच्या काठ्या काढाव्यात. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या काठ्यांना हात लावू नये, कारण पुढच्या कोंबांना अन्न त्याच पुरवतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर पण गाठीच्या लगेच वर घाव घालावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत तोड पूर्ण बंद ठेवावी, आणि एकदा काढणी झालेल्या भागात तीन-चार वर्षे परत जाऊ नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हापासून जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. हे उत्पन्न कार्बनच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण ज्या जंगलातून गावाला नियमित पैसा मिळतो त्याच जंगलात गाव आगीच्या वेळी धावून जाते.

काढलेल्या मालाचे पुढे काय होते, यावरही हवामानाचा हिशेब ठरतो. कागद कारखान्यात गेलेल्या बांबूतील कार्बन काही वर्षांतच हवेत परततो. घराच्या वाशात, फर्निचरमध्ये किंवा प्रक्रिया केलेल्या पट्ट्यांत गेलेला बांबू तो कार्बन बराच काळ धरून ठेवतो. सागवानाचे तर विचारूच नका. बल्लारपूरच्या लाकूड आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी आपल्या भागातील साग गेला. त्या दरवाजांतील कार्बन पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहील. येथे दोन गोष्टी विसरता कामा नयेत. तोडलेल्या झाडाचा सगळाच भाग दरवाजा होत नाही. फांद्या, साल, भुसा आणि मुळे यांतील कार्बन लवकरच मोकळा होतो. दुसरे असे की वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा वनस्पतिजन्य माल) म्हणून ग्रामसभेकडे दिले आहे, इमारती लाकडाचे तसे नाही. त्यामुळे सागाच्या तोडीचा निर्णय आपल्याला एकट्याने घेता येणार नाही. आपल्या आराखड्यात मात्र एवढे जरूर लिहावे की १५० सेंटिमीटरहून अधिक घेराची सर्व झाडे, मोह, चारोळी, बेहडा यांसारखी फळझाडे आणि दर हेक्टरी काही वाळलेली, पोकळ झाडे कायम राखली जातील. पोकळ झाडातील कार्बन थोडा असतो, पण त्या ढोलीत घरटे करणारे धनेश पक्षी मोठ्या बियांची झाडे दूरवर पसरवतात.

सरपणासाठी होणारी तोड हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. वाळलेले, पडलेले लाकूड नेण्यास कोणाचीच हरकत नसावी. ओल्या धावड्याच्या फांद्या तोडून त्या वाळवून नेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे गावालगतचा पट्टा विरळ झालेला असतो. बांबू काढणीतून निघणारे तुकडे आणि उपटलेला रायमुनिया गावात सरपण म्हणून वाटला, तर दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

आता लागवडीचे पाहू. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी आणि त्यानंतर २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. या तीन वर्षांत ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी असे वर्षागणिक उद्दिष्ट वाढत गेले. एवढ्या मोठ्या संख्येचा एक परिणाम असा होतो की यंत्रणेचे सगळे लक्ष खड्डे आणि रोपे मोजण्याकडे जाते, आणि जेथे खड्डा घेणे सोपे असते तेथे, म्हणजे गवताळ माळावर किंवा आधीच मुळांनी भरलेल्या जंगलात, रोपे लावली जातात. आपल्या ६०० हेक्टरांत जर पूर्वापार गवताचे कुरण असेल तर ते रिकामी जागा समजू नका. कुरणातील कार्बन जवळजवळ सगळा जमिनीखाली असतो, गवताची आग त्याला फारशी पोहोचत नाही, आणि चितळ, नीलगाय यांचे अन्न तेथेच असते. लागवड फक्त तेथे करावी जेथे जुने मूळ आणि बियाणे देणारे झाड दोन्ही उरलेले नाही : जुन्या अतिक्रमणाच्या सोडून दिलेल्या जागा, मुरूम काढलेले खड्डे, नाल्याचे ढासळलेले काठ. तेथेही मोह, बिजा, ऐन, आवळा, बेहडा, चारोळी, नाल्याकाठी जांभूळ आणि अर्जुन असे मिश्रण असावे. शक्य तेथे बियांची टोकण करावी. एका जातीच्या रोपवनात रोग, कीड किंवा आग आली की सगळा साठा एकदमच धोक्यात येतो. मिश्र जंगलात काही ना काही टिकून राहते.

आपण हवामान बदलाबद्दल विचारले आहे, म्हणून एकूण आकाराचीही कल्पना असावी. आपल्यासारख्या विरळ, सावरत्या पानझडी जंगलाला चांगले राखले तर हेक्टरी वर्षाला दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल, असा सावध अंदाज धरता येतो. अडीच टन धरले तर ६०० हेक्टरांचे वर्षाला १,५०० टन झाले. जीवाश्म इंधनांतून होणारे भारताचे दरडोई उत्सर्जन साधारण दोन टन आहे. म्हणजे साडेसातशे सरासरी भारतीयांचे वर्षभराचे उत्सर्जन आपले जंगल पोटात घेईल. एका गावाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. दुसरीकडे, शेजारच्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रातील ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला साडेचारशे ते पाचशे टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्या जंगलाची वर्षभराची कमाई त्या एका संचाच्या तीन-साडेतीन तासांत संपते. देशपातळीवरही चित्र असेच आहे : पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय हवामान करारासाठी भारताने २०३० पर्यंत जंगल आणि झाडोरा वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतका जादा साठा निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि देशाचे जीवाश्म इंधनांतून होणारे उत्सर्जन आता एका वर्षालाच सुमारे तीन अब्ज टन आहे. जंगलाने कोळशाची भरपाई होते असे जर कोणी आपल्याला सांगत असेल, तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवावेत. उलट बाजूने पाहिले तर जंगल तोडल्याने वर्षानुवर्षे जमलेला साठा एका हंगामात सुटतो, आणि म्हणून असलेले जंगल राखण्याला पर्याय नाही.

कराराचा प्रश्न येथूनच समजून घ्यावा. कार्बन क्रेडिट विकताना तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : ही वाढ प्रकल्पामुळेच झाली म्हणजे एरवी झाली नसती, ती दीर्घकाळ टिकेल, आणि येथे थांबलेली तोड शेजारच्या जंगलात सरकलेली नाही. तिन्ही गोष्टी कागदावर सोप्या आणि रानात अवघड आहेत, आणि त्यांतील पहिली फुगवून सांगितल्यामुळे जगभरातील अनेक वन प्रकल्पांच्या क्रेडिटवर गेल्या काही वर्षांत प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे. पैशाचा हिशेबही मांडून पाहावा. वर्षाला १,५०० टन आणि टनाला ४०० रुपये धरले तर सहा लाख रुपये होतात. त्यातून मोजणी, त्रयस्थ तपासणी, नोंदणी, आग लागल्यास तोटा भरून काढण्यासाठी बाजूला ठेवायचा वाटा आणि कंपनीचा हिस्सा वजा करावा लागतो. उरलेली रक्कम आपल्या तेंदू आणि बांबूच्या वार्षिक हिशेबाशी ताडून पाहावी.

त्या रकमेच्या बदल्यात आपण काय देत आहोत, हे कराराच्या मधल्या पानांवर असते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) प्रमाणे, म्हणजे इंग्रजी प्रतीतील ३(१)(आय) प्रमाणे, जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. कलम ४(४) नुसार वनहक्क वारसाने जातात, परंतु विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत. आणि कार्बनची मालकी कोणाची, याचा त्या कायद्यात उल्लेखच नाही. अशा स्थितीत चाळीस वर्षे निस्तार (सरपणासारख्या घरगुती गरजा जंगलातून भागवण्याचा हक्क), चराई किंवा बांबू काढणी कंपनीच्या संमतीवर अवलंबून ठेवणारे कोणतेही कलम धोक्याचे आहे. वाद झाल्यास तो दुसऱ्या राज्यातील लवादापुढे जाईल, वणवा लागल्यास दिलेले पैसे परत करावे लागतील, आणि कंपनीला हा करार तिसऱ्याच कंपनीला विकता येईल, ही तीन कलमे आहेत का, ते आधी शोधावे. संपूर्ण मसुदा मराठीत आणि वाचून दाखवताना गोंडीत, पूर्ण ग्रामसभेसमोर, किमान दोन वेगवेगळ्या बैठकांत मांडला गेल्याशिवाय ठराव घेऊ नये, आणि सही करण्याचा अधिकार कोणा एका पदाधिकाऱ्याला देऊ नये. घाई कंपनीला आहे, जंगलाला नाही. पुढे कधी रास्त अटींवर कोणी आले तरी त्यांना पहिली गरज आजच्या स्थितीच्या नोंदीची लागेल, आणि ती नोंद ग्रामसभेची स्वतःची असेल तर बोलणी बरोबरीच्या नात्याने होतात.

ती नोंद करणे फारसे खर्चाचे नाही. नकाशावर समान अंतराने पंधरा-वीस जागा निवडाव्यात. चांगले जंगल पाहून त्या निवडू नयेत. प्रत्येक ठिकाणी ३१.६ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे एक दशांश हेक्टर, आखावा, कोपऱ्यांत दगड रोवावेत आणि जीपीएसवरील स्थान लिहून ठेवावे. आतील १५ सेंटिमीटरहून अधिक घेराच्या प्रत्येक झाडाची जात आणि घेर टेपने मोजावा, मोजल्या जागी रंगाचा पट्टा ओढावा, आणि मधल्या लहान चौकोनात फुटवे मोजावेत. वनस्पती ओळखणारी एक जुनी जाणती व्यक्ती आणि लिहिता येणारे दोन तरुण एवढ्यावर हे काम होते. पाच वर्षांनी तेच पट्टे, तीच टेप. सोबत आगीची वही ठेवावी : तारीख, कक्ष क्रमांक, अंदाजे क्षेत्र, कारण, विझवायला कोण गेले. माझ्या पाहण्यात ज्या ग्रामसभांकडे ही वही आहे तेथे आगी कमी होत गेल्या आहेत, कदाचित केवळ कारणाचा रकाना सर्वांसमोर भरावा लागतो म्हणून.

राहिली सागाची पाच हजार रोपे. ती परत करण्याची गरज नाही, पण जंगलात नेऊ नयेत. तेथे साग आधीच पुरेसा आहे आणि तो स्वतःच्या फुटव्यांनी वाढतो. ज्यांना हवी त्यांना ती शेताच्या बांधावर आणि परसात लावायला द्यावीत. खड्डे मे महिन्यात घेऊन ठेवावेत, रोपे पहिल्या दमदार पावसानंतर लावावीत, आणि धानाच्या पिकावर सावली पडू नये म्हणून शक्यतो उत्तरेच्या बांधावर लावावीत. लागवड झाली की तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी, म्हणजे तीस-चाळीस वर्षांनी तोडीची परवानगी मागताना हे झाड जंगलातील की शेतातील, हा वाद उपस्थित होत नाही.